मनीऑर्डर ते मॉल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मॉलचा इतिहास सांगायचा तर तो अमेरिकेपासून सुरू करायचा, अशी पद्धत पडून गेली आहे. मी मात्र तो रत्नागिरीच्या पोस्टापासून सुरू करणार आहे. मुंबईत लोअर परळला आज जो झगमगाट दिसतो, त्या जागेचा आणि आपल्या रामआळीतल्या वाण्याच्या दुकानाचा एके काळी दर महिन्याला संबंध यायचा. तो यायचा पोस्टमनच्या पिशवीतून.

टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. त्याच्या आधी पाव शतक, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडाची गिरणी काढायचं ठरवलं आणि तिथून पुढे मुंबईला माणसं लागू लागली. ती मोठ्या संख्येने आपल्याकडून गेली. जुना रत्नागिरी जिल्हा, म्हणजे १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीचा, मुंबईला हात पुरवणारा जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. डोंगरउताराची वरकस जमीन, खोताचं देणं, पावसाळ्यातलं एक भाताचं पीक आणि उरलेलं वर्ष कसंबसं रेटायचं. घरटी एक तरी माणूस मुंबईला असल्याशिवाय चूल पेटणं कठीण होतं. त्याला आपण चाकरमानी म्हटलं. पुढे अर्थशास्त्राच्या लोकांनी कोकणाच्या या व्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असं नाव दिलं, पण गावातल्या बाईला ती व्यवस्था नाव नसतानाही पाठ होती.

त्या मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी पट्टी असे. तिच्यावर दोन ओळींचा मजकूर लिहिता येई. 'पैसे मिळाले की वाण्याचे चुकते करणे', 'कौलांचे बघणे', 'बाबूच्या फीचे देणे'. आमच्या लहानपणी शेजारपाजारच्या अशा पट्ट्या वाचून दाखवायचं काम आम्हा शाळकरी पोरांकडे असायचं, म्हणून त्यांची भाषा मला ठाऊक आहे. निम्म्याहून अधिक पट्ट्यांत वाणी असायचाच.

हा वाणी म्हणजे आपल्या बाजाराचा कणा. रत्नागिरीची रामआळी, मारुती आळी, गोखले नाका, धनजी नाका हा सगळा बाजार एकमेकांना चिकटून वाढलेला. खाली दुकान, वर किंवा मागे बिऱ्हाड. दुकानदाराला गिऱ्हाइकाचं नाव, गाव, वाडी आणि मुंबईतल्या माणसाची गिरणी माहीत असे. माल उधारीवर जायचा, वहीत लिहिला जायचा आणि मनीऑर्डर आली की खातं वळतं व्हायचं. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी व्हायची, कारण पावसाळ्यात बोट बंद असे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी येत तेव्हा कापडवाल्यांची आणि भांडेवाल्यांची दिवाळी असे. पंचांगापेक्षा गिरणीच्या पगाराच्या तारखा बाजाराला जास्त जवळच्या होत्या.

हा बाजार फार गोजिरवाणा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. उधारीवर माल घेणाऱ्याला भाव करण्याचं बळ नसतं. आणि दुकानाची पायरी कुणी चढायची, हेही ठरलेलं होतं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या चळवळीतून १९३३ साली इथे अखिल हिंदू उपाहारगृह निघालं. सर्व जातींच्या माणसांनी एका जागी बसून चहा प्यावा, यासाठी वेगळं उपाहारगृह काढावं लागलं, यावरूनच बाकीच्या दुकानांत काय स्थिती होती हे उघड आहे. हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे मॉलच्या दारात तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता दोरीचं दुसरं टोक पाहू. लोअर परळला तुळशी पाइप रोडवर, ज्याला आज सेनापती बापट मार्ग म्हणतात, १९०५ साली फिनिक्स मिल सुरू झाली. अशा साठाच्या आसपास गिरण्या मुंबईत होत्या. गिरणगावात कोकणी माणूस गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. जेवण खाणावळीत. ही खाणावळ चालवणारी बाई बहुधा आपल्याच मुलखातली. पगार झाला की गिरणीच्या दरवाजाबाहेर बाजार भरे. चादरी, कंदील, गावी न्यायचं लुगडं, मुलांची खेळणी. फाटकाशी वसुलीला उभे असलेले सावकारही असत. खाणावळीचे, सावकाराचे आणि खोलीचे पैसे वळते झाले की जे उरे, ते पोस्टात जाई आणि तिथून आपल्या रामआळीत येई.

'सगळं एका छताखाली' ही कल्पना मॉलने आणली, असं सांगतात. तेही तितकंसं खरं नाही. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत 'अपना बाजार'ची सहकारी चळवळ सुरू झाली. सुरुवात रेशनच्या दुकानापासून. पुढे १९६०च्या दशकात तिचं डिपार्टमेंट स्टोअर झालं. धान्य, कापड, औषधं, भांडी, सगळं एका जागी, वाजवी भावात, आणि मालक कोण तर सभासद गिऱ्हाईक. म्हणजे गिरणगावाने एका छताखालचा बाजार मॉलच्या कितीतरी आधी स्वतःसाठी उभा केला होता. छत तेच, मालकी वेगळी. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

मग आलं १९८२. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो विरत गेला. त्याचे परिणाम मुंबईच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहेत. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाने ते रंगभूमीवर आणले. आपल्या बाजूने त्याचा परिणाम असा, की मनीऑर्डरी आटल्या. कित्येक कामगार गावी परतले आणि ज्या वाण्याच्या दुकानात त्यांचे पैसे येत, त्याच दुकानात ते स्वतः उधारी मागायला उभे राहिले. वाण्याच्या वहीत १९८२ साल हे दुष्काळाच्या सालासारखं दिसतं. काही दुकानांनी माणसांना सांभाळून घेतलं, काहींनी खाती बंद केली, आणि काही दुकानं स्वतःच मिटली.

गिरण्या रखडत चालू राहिल्या, पण गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला जास्त किंमत आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, इमारतींखालची जमीन त्यात धरायची नाही, असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? घरांचा आणि मैदानांचा वाटा एका दुरुस्तीत आक्रसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. मॉलच्या पायात सिमेंटआधी हे एक वाक्य ओतलेलं आहे.

फिनिक्सच्या आवारात बदल सुरू झाला तो १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. आधी आलं चेंडूने बाहुल्या पाडण्याचं, म्हणजे बोलिंगचं केंद्र, आणि 'फायर अँड आइस' नावाचा डिस्को. जिथे साचे चालायचे तिथे रात्री नाच सुरू झाला. मग जुन्या शेडमधून कपड्यांची, बुटांची दुकानं आणि खाण्याच्या जागा आल्या, आणि आवाराचं नाव 'हाय स्ट्रीट फिनिक्स' झालं.

त्याच सुमारास, १९९९ मध्ये, हाजी अलीजवळ ताडदेवला 'क्रॉसरोड्स' उघडलं. मुंबईचा पहिला मॉल म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तो गिरणीच्या जागेवर नव्हता, एका औषध कंपनीच्या जागेवर होता. पण ज्या ताडदेवात पहिली गिरणी उभी राहिली, त्याच ताडदेवात मुंबईचा पहिला मॉल यावा, हेही नोंदवून ठेवण्यासारखं. पाहायला इतकी गर्दी लोटली की चालकांनी दारावर नियम लावला. खिशात मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल तर आत या, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. त्यावर बरीच टीका झाली आणि नियम मागे घेतला गेला. पायरी कुणी चढायची हा आपल्या आळीतला जुना प्रश्न, तोच नव्या कपड्यांत दारात उभा होता. आता जात विचारत नव्हते, खिसा विचारत होते.

इथे थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण दुकानं का बदलतात ते तिथे कळतं. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने मिनेसोटा राज्यातल्या एडायना या उपनगरात 'साउथडेल' बांधलं. ते १९५६ च्या ऑक्टोबरात उघडलं. चारी बाजूंनी बंद आणि बाराही महिने एकच तापमान. दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, आणि त्यांच्यामध्ये लहान दुकानांच्या ओळी. मोठ्या दुकानाला या धंद्यात 'अँकर' म्हणतात. अँकर म्हणजे आपल्या मिरकरवाड्यातल्या होडीचा नांगर. नांगर पक्का असला की होडी एका जागी राहते. गिऱ्हाईक मोठ्या दुकानासाठी येतं आणि जाता-येता लहान दुकानांत शिरतं. म्हणून मोठ्या दुकानाला भाडं स्वस्त, आणि त्याची भरपाई लहान दुकानांच्या भाड्यातून. ग्रुएनच्या मनात होतं ते उपनगराला चौक देण्याचं. शाळा, दवाखाना, बाग आणि मध्ये बाजार. उभे राहिले ते नुसते बाजार, भोवती गाड्या लावायची मैदानं. उतारवयात तो व्हिएन्नाला परतला आणि या अपत्यांचं पितृत्व त्याने जाहीरपणे नाकारलं. त्याच व्हिएन्नाच्या दक्षिणेला तोवर एक भलं मोठं खरेदी संकुल उभं राहिलेलं होतं.

मॉलमधला दुकानदार गाळ्याचा मालक नसतो, आणि आपल्या अर्थाने भाडेकरूही नसतो. तो ठरावीक वर्षांच्या कराराने आत येतो. किमान भाडं ठरलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर विक्रीतला हिस्सा. विक्री घटली किंवा जास्त देणारा दुसरा कुणी आला, की मुदत संपल्यावर पाटी उतरते. आंब्याच्या बागेत जुनं झाड तोडून नवं कलम लावतात, तसा मॉलचा चालक दुकानं लावतो आणि काढतो. कुठल्या मजल्यावर कुठली दुकानं, कशाशेजारी काय, हे सगळं एका हाताने ठरतं.

उलट रामआळीत एकेक दुकान तीन-तीन पिढ्या का टिकतं? आपण म्हणतो, सचोटी, ओळख, जिव्हाळा. ते खरं आहेच, पण त्याला कायद्याचाही टेकू होता. मुंबई राज्यात १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं गोठलं आणि भाडेकरूला काढणं अवघड झालं. त्यामुळे शहराशहरांतले जुने बाजार होते तसे टिकले. त्याची दुसरी बाजू म्हणजे मोडकळीला आलेल्या इमारती, कारण एवढ्याशा भाड्यात डागडुजी कोण करणार? पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि २००० मध्ये लागू झाला. त्याने बँका आणि एक कोटीहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरूचं संरक्षण नाकारलं. क्रॉसरोड्स उघडण्याचं आणि या कायद्याचं साल एकच, १९९९. जुना बाजार आणि नवा बाजार यांच्यामधली सीमारेषा काढायची तर मी ती तिथे काढेन. एका बाजूला न हलणारं दुकान, दुसऱ्या बाजूला सतत हलणारं.

हलणं म्हणजे काय, हे फिनिक्समध्येच पाहा. किशोर बियाणी यांच्या बिग बझारची पहिली दुकानं २००१ मध्ये कोलकाता, हैदराबाद आणि बंगळूरला निघाली. पाठोपाठ फिनिक्सच्या आवारातही बिग बझार आला. डाळ, तांदूळ, बादल्या, चादरी, सगळं ढिगाने मांडलेलं. आजूबाजूच्या चाळींतली माणसं, ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी गिरणीत होतं, तिथे रांगा लावू लागली. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारने देशभर 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा गर्दी आवरेना. कामगारांचं गिरणगाव मॉलमध्ये गिऱ्हाईक म्हणून परत आलं ते या दारातून.

पण जमीन महाग होत गेली तसा मॉलही वर सरकत गेला. २००९ मध्ये त्याच आवारात 'पॅलेडियम' उघडलं, परदेशी आणि उंची मालाचं. २०१० मध्ये 'झारा' हे स्पेनचं कपड्यांचं दुकान तिथे आलं. शेजारच्या बुरुजात २०१२ च्या अखेरीस शांग्री-ला हॉटेल उघडलं. काही महिन्यांतच त्याचं नाव पॅलेडियम झालं आणि २०१५ मध्ये सेंट रेजिस. तीन वर्षांत तीन पाट्या! बिग बझारचं पुढे काय झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. कर्जाच्या बोज्याखाली फ्यूचर ग्रुप कोसळला, २०२२ मध्ये त्याची कित्येक दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. एके काळी देशभर चमकणारी पाटी दोन-तीन वर्षांत नाहीशी झाली. फिनिक्सच्या त्या आवाराला आता फिनिक्स पॅलेडियम म्हणतात. गिरणीचं धुराडं शोभेला राखलेलं आहे.

मध्यंतरी तिथे गेलो असताना कपड्यांच्या एका दुकानात काम करणाऱ्या मुलीशी बोलणं झालं. बोलण्याची ढब ओळखीची वाटली म्हणून गाव विचारलं. संगमेश्वर तालुका. राहायला नालासोपाऱ्याला. आजोबा गिरणीत होते, कुठल्या ते तिला नक्की सांगता येईना. मी विचारलं, "किती वर्षं आहेस इथे?" ती म्हणाली, "मॉलमध्ये पाच वर्षं झाली काका, पण हे तिसरं दुकान. दुकान हललं की आम्ही हलतो." तक्रारीचा सूर नव्हता. कामाला किती वाजता जायचं हे सांगावं तसं तिने ते सांगितलं.

तिच्या आजोबांच्या काळीही सगळे कायम नव्हते. बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी उभा राहायचा, काम मिळालं तर मिळालं. पण त्याच्यापुढे कायम होण्याची एक पायरी असे, युनियन असे, प्रॉव्हिडंट फंड असे. आणि त्याच्या पगाराच्या भरवशावर इथल्या वाण्याची वही चाले. जो स्वतःच दर दोन वर्षांनी हलतो, त्याच्या भरवशावर उधारीची वही कोण उघडणार?

गिरणगावातली माणसं चाळी सोडून भांडुप, डोंबिवली, विरारकडे सरकली आणि मॉलही त्यांच्यामागे उपनगरांत गेले. २००४ मध्ये मालाडला 'इनऑर्बिट' उघडलं, ज्या परिसरात पूर्वी शहराचा कचरा टाकत त्याच्या लगत. ते चाललं. भांडुपला, जिथे घरटी कोकणी माणूस सापडेल, लालबहादूर शास्त्री मार्गावर 'ड्रीम्स' नावाचा भव्य मॉल झाला. त्याचे शेकडो गाळे निरनिराळ्या मालकांना विकले गेले. कुणी स्वतः दुकान घातलं, कुणी गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलं. कुठल्या मजल्यावर काय असावं हे ठरवणारं कुणी उरलं नाही, आणि सामायिक देखभालीची जबाबदारी नेमकी कुणाची यावर घोळ झाला. दुकानं उठत गेली, मॉल अंधारत गेला. त्याच्याच वरच्या मजल्यावर करोनाच्या काळात रुग्णालय चालत होतं. मार्च २०२१ मध्ये एका रात्री मॉलला आग लागली, धूर वर गेला आणि अकरा जणांचे प्राण गेले.

क्रॉसरोड्सचंही तेज उतरलं. मालक बदलला, नाव 'सोबो सेंट्रल' झालं आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर तिथे शुकशुकाट पसरला. याच काळात 'डीमार्ट' मात्र वाढत राहिलं. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढणाऱ्या राधाकिशन दमाणींचं धोरण होतं, शक्यतो जागा विकत घ्यायची, भाड्याने नाही. झगमगाट नाही, भाड्याचा ताप नाही, माल स्वस्त. म्हणजे आपल्या वाण्याचंच जुनं सूत्र, जागा आपली तर दुकान आपलं.

आता रत्नागिरीला परत येऊ. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. स्टेशन कुवारबावला, गावाबाहेर. तेव्हापासून आपला बाजार रामआळीतून वर सरकतो आहे. मारुती मंदिर, साळवी स्टॉप आणि पुढे कुवारबावपर्यंत. नवीन इमारत झाली की खाली गाळे आणि वर घरं. एप्रिल २०१५ मध्ये टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद केली. मुंबईचे पैसे आता फोनवरून येतात, पट्टीवरचा मजकूर मात्र आला तिथेच संपला. आणि पैसे नुसते मुंबईहून येत नाहीत. आखातातून येतात, बागांतून येतात, इथल्या कारखान्यांतून येतात. बाजार त्या पैशांमागे जाणारच. रामआळीतून चालताना मला उसासे टाकावेसे वाटत नाहीत. ज्या दुकानाच्या पायरीवर एके काळी सगळ्यांना जागा नव्हती, त्याच्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही. नव्या दुकानात भाव लिहिलेला असतो, माल हाताळून पाहता येतो आणि कुणाचा कोण असं कुणी विचारत नाही. ही काही लहान सोय नव्हे.

पण नवं व्यापारी संकुल उभं राहताना तीन प्रश्न विचारायला हरकत नसावी. खालची जमीन आधी कशाची होती, आणि तिच्यावर राबणाऱ्यांना काय मिळालं? गाळे विकले जाणार की भाड्याने दिले जाणार, आणि विकले तर जिन्याचा, दिव्याचा, आगीच्या बंबाचा खर्च कोण उचलणार? आणि आत काम करणाऱ्या पोरांना दुकान हललं की काय? मुंबईने हे प्रश्न उशिरा विचारले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संप सुरू होऊन तीस वर्षं झाल्यावर. घरांसाठी अर्ज आले दीड लाखाच्या आसपास, आणि त्या सोडतीत घरं होती सात हजारांहूनही कमी. अर्जदारांतले अनेक जण आपल्या जिल्ह्यातले. काहींच्या जागी त्यांची मुलं रांगेत उभी होती.

शेवटी एक विनंती, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून. मॉलमधलं दुकान उठतं तेव्हा मागे काही राहत नाही. पाटी उतरते, पांढरा पडदा लागतो, आठवडाभरात दुसरं दुकान. त्याचा हिशेब कुठल्यातरी दूरच्या संगणकात असतो, आपल्या हाती येत नाही. पण आपल्या आळीतल्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या खातेवह्या अजून आहेत. कुठल्या साली तांदूळ काय भावाने गेला, कुठल्या वाडीची मनीऑर्डर कधी थांबली, कुणाचं देणं सोडून दिलं, हे सगळं त्यांत आहे. गिरणी संपाचा रत्नागिरीतला इतिहास सरकारी कागदांपेक्षा त्या वह्यांमध्ये जास्त सापडेल. दुकानाचं नूतनीकरण करताना त्या रद्दीत जातात, हे मी पाहिलेलं आहे. ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या जपाव्यात, निदान एखाद्या महाविद्यालयाला किंवा वाचनालयाला दाखवाव्यात. वाळवीला आणि रद्दीवाल्याला त्यांच्यातलं काही वाचता येत नाही. आपल्याला येतं.